निकॉन १८०-६०० वर्षभर वापरून झाल्यावर: माळ, पाणी आणि थोडंसं जंगल

लांबचा लांडगा किंवा वाघ जवळ आणायचा म्हणून कुणी निकॉनची झेड १८०-६०० घ्यायला निघालं असेल, तर आधी हे वाचा. लेन्स चांगली आहे, मी ती विकणार नाही. पण ६०० मिमी म्हणजे लांबच्या प्राण्यासाठी, हा जो समज दुकानापासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे पसरलाय, तो माळावर दोन-चार सकाळी बसलं की टिकत नाही. ही लांबी खरी कामाला येते ती जवळ बसलेल्या लहान जिवासाठी.

माझा वापर कुठला ते सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. बॉडी झेड-६ तीन, म्हणजे २४.५ मेगापिक्सेल. बहुतेक सकाळी पुण्याच्या पूर्वेच्या माळांवर, सासवड-जेजुरीपासून बारामती-इंदापूरपर्यंत. हिवाळ्यात भिगवण, उन्हाळ्यात ताडोबा. जंगलात राहून काम करणारा मी नाही, नोकरी सांभाळून पहाटे गाडी काढणारा आहे.

आता हिशेब. फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. ६०० मिमीला १०० मीटरवर चौकटीत ६ मीटर रुंदीचा पट्टा मावतो, २०० मीटरवर १२ मीटरचा. लांडगा आडवा उभा राहिला तर नाकापासून ढुंगणापर्यंत साधारण मीटरभर. म्हणजे २०० मीटरवर तो चौकटीचा बारावा भाग. माझ्या कॅमेऱ्याची फाइल ६०४८ पिक्सेल रुंद आहे, त्यातले जेमतेम ५०० लांडग्याच्या वाट्याला येतात. मोबाईलवर पाठवायला पुरे. छापायला घेतलात तर कान कुठे संपतो आणि गवत कुठे सुरू होतं ते शोधत बसाल. ४५ मेगापिक्सेलची बॉडी घेतलीत तर आकडा थोडा वाढेल, पण मधली हवा तीच राहणार आहे.

आणि खरी अडचण हवेचीच आहे. आपल्याकडचा माळ म्हणजे उथळ माती, मुरूम, मध्ये मध्ये उघडा खडक. डिसेंबरातसुद्धा सूर्य वर आला की ही जमीन झपाट्याने तापते आणि तिच्यावरची हवा थरथरायला लागते. डोळ्यांना कळत नाही, दुर्बिणीतून थोडं कळतं, ६०० मिमीतून मात्र लांडग्याचे पाय पाण्यात उभे असल्यासारखे हलतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी नऊ-साडेनऊनंतर शंभर मीटरपलीकडचं काहीही मी आता टिपत नाही, बघत बसतो. ढगाळ सकाळ असेल तर अकरापर्यंतही चालतं. कॅमेरा कितीही महाग असला तरी याला इलाज नाही, एफ-४ वाली (एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं भोक मोठं, उजेड जास्त) दहा लाखांच्या पुढची लेन्स लावलीत तरी नाही.

फोटो मऊ, म्हणजे धार नसलेले, आले की माणूस लेन्सला दोष देतो. ग्रुपवर दर थंडीत कुणी ना कुणी विचारतो, सर्व्हिस सेंटरला टाकू का? टाकण्याआधी एवढं बघा. एकाच जागी उभ्या असलेल्या प्राण्याचे सलग वीसेक फोटो काढा. फोकस चुकला असेल तर प्राण्याच्या पुढचं किंवा मागचं गवत तरी धारदार असतं. हवेचा खेळ असेल तर कुठेच काही धारदार नसतं, आणि गंमत म्हणजे त्या वीसात एखादा फोटो अचानक बरा निघतो, कारण त्या क्षणी हवा जरा स्थिर असते. असा एक जरी बरा निघाला तर लेन्स ठणठणीत आहे.

याचाच दुसरा अवतार गाडीत बसलेल्यांना छळतो. पहाटेच्या थंडीत काचा बंद करून, हीटर लावून जायचं आणि लांडगा दिसला की काच खाली करून फोटो काढायचा. आतली गरम हवा खिडकीतूनच बाहेर पडते, नेमकी लेन्सच्या तोंडासमोरून. मग ३० मीटरवरचा खोकडही (माळावरचा छोटा कोल्हा) मऊ येतो. उन्हाळ्यात एसीने उलट्या बाजूने हेच होतं. माळावर शिरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं काचा खाली, हीटर बंद, स्वेटर घाला. इंजिन बंद आणि बॉनेटच्या वरून कधीही फोटो नाही. लेन्सला पट्टी, पिशवी, कव्हर चढवण्यापेक्षा या एका सवयीने माझे फोटो जास्त सुधारले.

बरं, मग ही लेन्स चमकते कुठे? आठ मीटरवर. तिथे चौकटीची रुंदी ४८ सेंटीमीटर होते, म्हणजे पंधरा-सोळा सेंटीमीटरचा चंडोल चौकटीचा तिसरा हिस्सा भरतो. एकेक पीस मोजून घ्या. डोंबारी चंडोल, तिरचिमण्या, धाविक, हे सगळे पक्षी थांबलेल्या गाडीला फारसे बिचकत नाहीत. पायी चालत आलेल्या माणसाला बिचकतात. रस्त्याच्या कडेला गाडी लावून अर्धा तास गप्प बसलं की धाविक धावत-थांबत, धावत-थांबत आपणहून जवळ येतो. ६०० ला जवळात जवळ २.४ मीटरवर फोकस होतो, म्हणून तो अगदी दाराशी आला तरी हाताबाहेर जात नाही.

खोकड म्हणजे या लेन्सचं हक्काचं जनावर. लांडग्यापेक्षा कितीतरी लहान, बांधाच्या उताराला बीळ, आणि त्रास दिला नाही तर पंचवीस मीटरवर गाडी उभी असताना अंग ताणून जांभई देणार. तिथे इलेक्ट्रॉनिक शटरचा आवाज नसणं फार मोलाचं आहे. पूर्वीच्या डीएसएलआरच्या खडखडाटाला त्याचे कान लगेच वळायचे. वीण चालू असलेल्या बिळाशी मात्र मी थांबत नाही, आणि जागा कुणाला सांगत नाही. लांडग्याच्या घळीबाबतही तेच.

कापशी घार बाभळीच्या शेंड्यावर बसलेली असते, उंदीर दिसला की हवेत एका जागी पंख फडफडवत थबकते. ती निळ्या आभाळावर असल्याने फोकसला काही कष्टच नाहीत, नवशिक्यानेही टिपावी. भोवत्यांचं तसं नाही. मध्य आशियाकडून येणारे हे शिकारी पक्षी गवताच्या दीड-दोन हात वरून, शेंड्यांना घासत जातात, आणि कॅमेरा कुसळी गवताला घट्ट मिठी मारून बसतो. पक्षी ओळखणारा फोकस चालू ठेवा, पण सगळी चौकट त्याच्या हवाली करू नका. आडवा, बुटका असा फोकसचा पट्टा ठरवून घ्या, लेन्सवरची खटकी ६ मीटर ते अनंतवर ठेवा, आणि पक्षी लांब असतानाच त्याला चौकटीत धरा. अगदी जवळ आल्यावर शोधायला लागलात तर गवतच मिळेल. एवढं करूनही भोवत्याचे बरेचसे फोटो मी दर वेळी पुसतो. ही लेन्स फोकस करायला मंद नाही, पण सर्वात वेगवानही नाही. पक्षी सरळ अंगावर येत असेल तर फरक कळतो.

भिगवणला हिशेब पुन्हा बदलतो. उजनीच्या फुगवट्यात बुडालेल्या झाडांच्या वठलेल्या खोडांवर हिवाळ्यात कैकर बसलेला असतो, बहुतेक जण त्याला ऑस्प्रेच म्हणतात. होडीतून ४० मीटरवर ६०० मिमीत चौकट २.४ मीटर रुंद, आणि या पक्ष्याचे उघडलेले पंख दीड मीटरच्या पुढे. बसलेला असताना छान, झेपावला की पंख कापले गेलेच. म्हणून इथे झूमची किंमत कळते. या लेन्सची झूमची कडी १८० पासून ६०० पर्यंत फक्त ७० अंश फिरते, मनगट न सोडता मागे येता येतं. झूम करताना नळी बाहेर येत नाही, त्यामुळे वजनाचा तोल हलत नाही, आणि होडीत, जिथे सगळंच हलतंय, ते फार बरं वाटतं. कैकर पाय पुढे करून पाण्यात घुसतो, वर येऊन अंग झाडतो आणि मग मासा पंजात फिरवून त्याचं डोकं पुढे करतो. अंग झाडण्याचा क्षण हवा असेल तर मी ४०० च्या आसपास थांबतो आणि शटर १/३२०० च्या खाली येऊ देत नाही.

रोहितांबद्दल, म्हणजे फ्लेमिंगोंबद्दल, एकच. धरण भरलेलं राहिलं आणि पाणी लवकर उतरलं नाही तर चिखलाची उथळ पट्टी उघडी पडत नाही, आणि मग जानेवारीत जाऊनही हात हलवत परत यावं लागतं. निघण्याआधी कुंभारगावच्या नावाड्याला फोन करा. आणि थवा उडवून दाखवतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. गुलाबी पंखांचा तो फोटो आतापर्यंत इतक्यांनी काढलाय की आपल्याकडून आणखी एकाची गरज नाही.

ताडोबात मला या लेन्सने सगळ्यात कमी प्रभावित केलं, आणि त्यात तिचा दोष नाही. वाघ बरेचदा रस्त्यावरच भेटतो, पंधरा मीटरवर, जिप्सीच्या समोरून चालत. तिथे ६०० मिमीत त्याचं फक्त तोंड बसतं, १८० लाच काय तो वाघ अख्खा दिसतो. फाटक उघडल्यानंतरचा पहिला तास बांबूत आणि सागात उजेड नसतो. ६०० ला भोक ६.३ पेक्षा मोठं होत नाही. एफ-४ च्या मानाने प्रकाश निम्म्याहून कमी. लेन्समधलं कंप रोखणारं तंत्र कंपनीच्या म्हणण्यानुसार साडेपाच स्टॉपचं आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि ते उत्तम चालतं, बसलेल्या वाघाला १/१०० लाही सुबक टिपलंय. पण ते आपल्या हाताचा कंप थांबवतं, रानकुत्र्यांचं पळणं थांबवत नाही. पळत्या कळपासाठी १/१००० तरी हवं आणि मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदना, १२,८०० वर जातो आणि फोटोत दाणे दिसतात. आजकालची नॉईज काढणारी सॉफ्टवेअर त्यातून बरंच वाचवतात. ताडोबा हेच तुमचं मुख्य ठिकाण असेल तर मी ७०-२०० एफ-२.८ आधी घ्यायला सांगेन.

वजन: लेन्स १,९५५ ग्रॅम, तिवईची कडी धरून २,१४०. बॉडी धरली की तीन किलोला थोडंच कमी. हातात धरून दहा मिनिटं ठीक, घिरट्या घालणाऱ्या गरुडाखाली अर्धा तास नाही. गाडीच्या खिडकीवर बीनबॅग सगळ्यात बरी. रिकामी न्यायची आणि जवळच्या गावात किराणा दुकानातून ज्वारी घेऊन भरायची, परतताना ज्वारी कुणाला तरी द्यायची किंवा घरी आणून दळायची. भरलेली तशीच माळ्यावर ठेवलीत तर पावसाळ्यात किडे होतात. तिवईच्या पायाला आर्का-स्विस पद्धतीची (तिवईच्या डोक्यात थेट सरकवून बसवायची) खाच नाही, वेगळी पट्टी किंवा वेगळा पाय घ्यावा लागतो, तो खर्च धरून चाला. फिल्टर ९५ मिमीचा, मी लावत नाही, पुढच्या काचेच्या लेपावरून धूळ आणि पाणी सहज निघतं.

आता थोडं लेन्सबाहेरचं, पण संबंध आहे. लांबचा लांडगा मऊ येतो हे कळलं की काही जण गाडी माळात घालतात. माळटिटवी आणि धाविकाची अंडी उघड्या जमिनीवर, मुरुमाच्याच रंगाची असतात, चाकाखाली गेली तरी कळत नाही. काही जण कोंबड्यांच्या फार्मवरची मेलेली पिल्लं टाकून लांडगे बोलावतात. असा फोटो ओळखू येतो, जनावराची नजर कायम एकाच जागी खाली असते. वनखात्याने इंदापुरात कडबनवाडीला आणि बारामतीत शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली आहे, ठरलेली वाट आणि स्थानिक गाईड, तिथून सुरुवात करा. आणि धनगरांशी बोला. मेंढरं पाण्यावर कुठून जाणार आणि काल रात्री लांडगा कुठल्या बाजूने आला हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. फक्त त्यांच्या नुकसानीची गोष्ट ऐकताना कॅमेरा बाजूला ठेवा. लांडगा १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, पण कोकरू त्यांचं गेलेलं असतं.

घ्यायची कुणी? पक्षी हा मुख्य नाद असेल, गाडीतून किंवा होडीतून काम असेल आणि निकॉनचीच झेड बॉडी असेल तर डोळे मिटून. रोज पायी पाच-सहा किलोमीटर हिंडणार असाल तर ६०० एफ-६.३ पीएफ बघा, ती १,४७० ग्रॅमची आहे, महाग आहे आणि झूम नाही. जुनी २००-५०० एफ-५.६ आणि डीएसएलआर जोडी नीट चालत असेल तर फक्त लांबीसाठी बदलू नका, वरचा बारा मीटरचा हिशेब ५०० ला आणि ६०० ला फार वेगळा येत नाही. बदलायचं कारण फोकस आणि न वाढणारी नळी हे असू शकतं. १.४ चा टेलीकन्व्हर्टर (लांबी १.४ पट करणारं जोडभिंग) लावू का, असं सगळे विचारतात. लागतो, ८४० मिमी होते आणि भोक ९ वर जातं. थंडीतल्या सकाळी, जवळ बसलेल्या चंडोलासाठी लावा. लांडग्यासाठी लावणार असाल तर ते पैसे पेट्रोलला ठेवा.