पेशी कमी, पानथरी मोठी: आधी रक्ताचा हिशेब की थेट फायब्रोस्कॅन?

प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एक लाखाच्या आसपास, सोनोग्राफीत पानथरी वाढलेली, आणि डॉक्टरांनी लिव्हरमधल्या फायब्रोसिसची, म्हणजे व्रण धरून ते कडक होण्याची, शंका घेतलेली. अशा वेळी गडचिरोली-गोंदियाकडची माणसं उसनवारी करून फायब्रोस्कॅनसाठी, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीसाठी, नागपूर गाठतात. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोटात पाणी किंवा भ्रम असेल तर गाठायलाच हवं, त्याच दिवशी. नाहीतर माझं मत असं: आधी रक्ताचा हिशेब.

या हिशेबाला फिब-४ म्हणतात. त्याला एसजीओटी आणि एसजीपीटी ही रक्तात मोजली जाणारी लिव्हरची दोन विकरं लागतात. वय गुणिले एसजीओटी; त्याला प्लेटलेट (हजारांत, म्हणजे एक लाख असतील तर १००) आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचं. १.३ च्या खाली धोका कमी, २.६७ च्या वर जास्त. पस्तिशीच्या आतल्यांना तो नीट लागू पडत नाही, पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात. सुई एकच, आणि या तपासण्या तालुक्यालाही होतात.

पण तापात हा हिशेब करू नका. समजा, पन्नाशीच्या माणसाला मलेरिया झालाय: एसजीओटी ८०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट एक लाख. उत्तर ५. बरं झाल्यावर एसजीओटी ३२, एसजीपीटी ३६, प्लेटलेट अडीच लाख झाल्या, तर उत्तर १.०७. लिव्हर तेच! आपल्याकडे सिकलसेलही आहे. त्यात लाल पेशी फुटून एसजीओटी वाढतं, तेही डॉक्टरांना सांगा.

लिव्हर खरंच कडक झालं असेल तर प्लेटलेट वेगळ्या वाटेने घटतात. आतडी आणि पानथरीकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढून पानथरी फुगते. एरवी ती एक तृतीयांश प्लेटलेट राखून ठेवते, आता कितीतरी जास्त अडवते. शिवाय प्लेटलेट निव्वळ साक्षीदार नसतात. त्यांच्यातून सुटणारे पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा ही संदेश देणारी प्रथिनं लिव्हरमधल्या तारकापेशींना चेतवतात आणि त्या कोलॅजन, म्हणजे व्रणाचे धागे, विणू लागतात.

जंताच्या आजारात मात्र फिब-४ वर विसंबू नये. शिस्टोसोमा या जंताची अंडी पोर्टल शिरेच्या फांद्यांत अडकतात आणि व्रण त्यांच्याभोवती धरतो. लिव्हरच्या पेशी बऱ्याच शाबूत राहतात, म्हणून एसजीपीटी साधं दिसू शकतं, आणि प्लेटलेट मात्र घसरतात. तिथे सोनोग्राफीच जास्त सांगते. हा आजार मुख्यतः आफ्रिकेतला. घरातलं कोणी तिकडे कामाला जाऊन नदी-तलावात उतरलं असेल तर ते आवर्जून सांगा.

फायब्रोस्कॅन सुईविना, काही मिनिटांत कडकपणा मोजतो. हिशेब १.३ च्या (पासष्टीनंतर २ च्या) वर आला तर त्यासाठी नागपूरचा खर्च सार्थकी लागतो. किमान तीन तास उपाशी जा. पोटात पाणी असेल तर मोजमाप फसतं, आणि ताज्या काविळीत आकडा उगाच चढतो, म्हणून कावीळ उतरल्यावरची तारीख मागा.