कुत्र्याचा पट्टा: हाताने शिवलेला की कारखान्यातला?

पट्टा घेताना आपण रंग बघतो, रुंदी बघतो. कडी आणि शिवण उलटून बघायचं राहूनच जातं. माझंही राहिलं होतं. आमच्या कुत्रीने मांजर दिसताच हिसका दिला आणि माझ्या हातात नुसता दोर उरला. पट्टा शाबूत होता, पण कडी जोडाच्या जागी फाकली होती. तार वाकवून टोकं फक्त भिडवलेली होती, वितळवून सांधलेली नव्हती. कुत्री सुखरूप सापडली, पण ती दहा मिनिटं मी विसरलेले नाही.

म्हणून आधी कडी बघा. चांगला कारागीर भरीव पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची कडी लावतो. स्वस्त पट्ट्यांत बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा असतो आणि तो उडाला की आतला धातू खराब होऊ लागतो.

खरा फरक शिवणीत आहे. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात. एक घासून तुटला की शेजारचे टाके सैल पडून उसवत जातात. हाताच्या शिवणीत एकाच मेणलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही आरपार जातात. मधला एखादा टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. घोड्याचं खोगीर याच टाक्याने शिवतात. शिवाय असा पट्टा पुन्हा शिवता येतो.

चामड्याची कड निरखा. सलग तंतू दिसले तर उत्तम. चामड्याचा भुगा चिकटवून केलेला पट्टा वरून चकचकीत दिसतो, पण काही दिवसांत त्याचे पापुद्रे निघतात.

तरीही पिल्लासाठी कारखान्यातला नायलॉनचाच घ्या, कारण गळ्याचं माप सारखं वाढत असतं. पाण्यात डुंबणाऱ्या कुत्र्यालाही तोच बरा, पटकन वाळतो. भिजलेलं चामडं सावलीत वाळवून तेल-मेण लावावं लागतं, आणि हे जमणार नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. मांजरीसाठी ताण पडताच आपोआप सुटणारं बक्कल हवं, मग ते प्लास्टिकचं असलं तरी चालेल.

पूर्ण वाढलेल्या, ओढणाऱ्या कुत्र्यासाठी मात्र मी हाताने शिवलेलाच सुचवेन. गळ्याचा घेर टेपने मोजून कळवा. घातल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. आणि ऑर्डर देण्याआधी कारागिराला विचारा, कडी सांधलेली आहे ना?