इंकस्केप, पीएनजी आणि माझी शिरोरेषा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

लग्नपत्रिका आता हातात कमी आणि फोनवर जास्त फिरतात, त्यामुळे वेक्टरमध्ये (गणिती रेषांनी) काढलेली पत्रिका पीएनजी, म्हणजे पिक्सेलांच्या ठिपक्यांचे चित्र, करून देणे हे माझे निम्मे काम झाले आहे. दरमहा भाडे मागणारे सॉफ्टवेअर माझ्या हिशेबात बसत नाही, म्हणून गेले नऊ महिने हे सारे मी इंकस्केप या मोफत मिळणाऱ्या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरवर करतो आहे. त्याच्या बाकीच्या गुणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; मला सांगायचे आहे ते शिरोरेषेबद्दल.

पहिल्याच महिन्यात एका वधूपित्याचा फोन आला, “अहो, अक्षरांवर धूळ बसल्यासारखी दिसते आहे.” चित्र आठ पट मोठे करून पाहिले, तर 3 पिक्सेल जाडीची माझी मरून शिरोरेषा 4 पिक्सेलांवर पसरली होती : मधले दोन गडद, खालचा किंचित उतरलेला आणि वरचा चक्क गुलाबट. वळणदार अक्षरांत हे खपून जाते; शिरोरेषेवर मात्र डोळा सरळ धावतो आणि तिथेच अडखळतो.

डीपीआय (एका इंचातले पिक्सेल) दुप्पट केला, तर फाइल फुगली आणि कडा पुसटच राहिल्या. कडा मऊ करणारे अँटिअलायझिंग बंद केले, तेव्हा रेषा करकरीत झाली, पण गणपतीच्या सोंडेला पायऱ्या पडल्या. शेवटी, स्वभावाविरुद्ध, रूपांतर करून देणाऱ्या एका संकेतस्थळाला 199 रुपये भरले. तिथूनही तीच धूळ परत आली. तोवर मी इंकस्केपला मनातल्या मनात दोनच तारे दिले होते.

ते मत मला बदलावे लागले, कारण नव्याने काढलेल्या पत्रिका स्वच्छ येत होत्या आणि रडत होते ते फक्त 2015 च्या आसपासचे माझे जुने साचे. इंकस्केपची 0.92 आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे 2017 पर्यंत, एका इंचात 90 पिक्सेल धरले जात. नंतर वेबच्या मानकाप्रमाणे ते 96 झाले. जुनी फाइल उघडताना ती पडद्यासाठी आहे की छपाईसाठी, असे विचारले जाते, आणि मी प्रत्येक वेळी बेधडक छपाई निवडत होतो. छपाई निवडली की इंचातले माप कायम राखण्यासाठी सारे चित्र 96/90 पट मोठे होते. त्यामुळे पूर्वी पिक्सेलच्या जाळीवर 24 ते 27 अशी नेमकी बसवलेली, पाथमध्ये (अक्षराऐवजी नुसत्या बाह्यरेषेत) बदललेली शिरोरेषा 25.6 ते 28.8 वर सरकत होती. वरच्या पिक्सेलचा जेमतेम 40 टक्के भाग रंगणार, मग तो गुलाबट न दिसून करील काय?

उपाय फुकटचा निघाला. जुन्या साच्यांचे अख्खे पान 96 ऐवजी 90 डीपीआयवर एक्सपोर्ट करायचे आणि दुप्पट आकार हवा असेल तर 180 वर; आकडे पुन्हा पूर्णांकांत येतात आणि रेषा सुरीने कापल्यासारखी उमटते. ही फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर तिथे ती पुन्हा दाबली जाते.

आता पाच तारे. त्या संकेतस्थळाकडे परताव्यासाठी तीन ईमेल केले आहेत. 199 रुपये अद्याप आलेले नाहीत.