म्हाताऱ्या मांजराचा थायरॉइड: गोळी, जेल की रेडिओआयोडीन?

मांजराने दहा-बारा वर्षं ओलांडली, खाखा सुटली तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला आणि रक्तातला टी-फोर (थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक) वाढलेला आला, तर थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतोय हे व्हेटने (प्राण्यांच्या डॉक्टरने) सांगितलं असेलच. आता उपाय कोणता, हा प्रश्न. आम्ही न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे सगळेच मार्ग हाताशी होते.

दोन आम्ही लवकर बाजूला ठेवले. ऑपरेशनसाठी म्हाताऱ्या, आधीच छाती धडधडणाऱ्या मांजराला भूल द्यावी लागते. शिवाय शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं. रेडिओआयोडीन (किरणोत्सर्गी आयोडीनचं इंजेक्शन) मिळत नाही अशा ठिकाणी, हात बसलेला सर्जन असेल, तर जरूर विचार करावा. कमी आयोडीनच्या खाण्याने टी-फोर उतरतो, पण मग दुसरं काहीच तोंडात जाता कामा नये. आमच्या घरात दुसरी मांजर आहे आणि आई जेवताना मासळीचा तुकडा टाकल्याशिवाय राहत नाही. पथ्य टिकणं अवघड होतं.

सुरुवात मात्र मेथिमाझोलच्या, म्हणजे टी-फोर खाली आणणाऱ्या औषधाच्या गोळीनेच करावी. थायरॉइड वाढलेला असताना किडनीतून रक्त जोरात वाहतं आणि किडनीचा मुरलेला आजार रिपोर्टमध्ये झाकला जातो. टी-फोर खाली आला की क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) खरा आकडा दिसतो. किडनीला झेपत नसेल तर गोळी कमी करता येते. रेडिओआयोडीन एकदा दिलं की मागे फिरता येत नाही.

पण गोळी दिवसातून दोनदा, जन्मभर. आमचा बोका मन्या ती गालात धरून ठेवायचा, गिळल्यासारखी जीभ ओठांवरून फिरवायचा आणि पाच मिनिटांनी सोफ्यामागे ती अर्धवट विरघळलेली सापडायची. कुटून खाण्यात मिसळायचं नसतं. टी-फोर वर-खाली व्हायचा, व्हेट विचारायची डोस वाढवू का, आणि पोटात किती गेलं हेच आम्हाला सांगता यायचं नाही. त्याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. डबीचं झाकण वाजलं की तो पलंगाखाली जायचा. पुढे पुढे तर नुसतं जवळ गेलं तरी उठून जाऊ लागला.

मग तेच औषध जेलमधून. हातमोजे घालून कानाच्या आतल्या बिनकेसांच्या भागावर लावायचं, कान आलटून पालटून. गोळीने होणाऱ्या उलट्या खूपच कमी झाल्या. पण कानात खपली धरते, अंगात किती मुरतं ते सारखं नसतं, आणि दोन वेळा चुकत नाहीतच. डिसेंबरात पुण्याला जायचं तर सकाळ-संध्याकाळ कोण येणार?

रेडिओआयोडीन म्हणजे कातडीखाली एक इंजेक्शन. थायरॉइडच्या वाढलेल्या पेशी ते शोषून घेतात, झोपलेल्या निरोगी पेशी बऱ्याच अंशी वाचतात. साधारण शंभरातली पंच्याण्णव मांजरं एकाच डोसात बरी होतात. काहींचा थायरॉइड नंतर गरजेपेक्षा खाली जातो, म्हणून रक्ततपासणी सुटत नाही. खर्च दीड-दोन हजार डॉलरच्या घरात, आणि काही दिवस भेटायलाही न जाता हॉस्पिटलात ठेवायचं. घरी आल्यावर साधारण दोन आठवडे पलंगावर झोपू द्यायचं नाही, गरोदर बाई आणि लहान मुलं लांब, लिटर (मांजराच्या शी-शूची वाळू) हाताळताना हातमोजे. लिटर टाकायचं कसं ते रेडिओआयोडीन देणाऱ्या केंद्राकडून नीट समजून घ्या, कारण कचरा डेपोवरच्या यंत्रांना किरणोत्सर्ग कळतो.

तो काळ सरल्यावर मन्या आपणहून मांडीवर येऊन बसू लागला. माझं पारडं इथेच झुकलं.

तुमचं मांजर गोळी निमूट खात असेल, किंवा परक्या जागी अन्नच सोडत असेल, तर गोळी किंवा जेलच बरं. एरवी किडनीचे आकडे चांगले आले आणि पैशांची सोय होत असेल, तर केंद्राकडे लगेच चौकशी करावी असं मला वाटतं. तारीख मिळायला वेळ लागू शकतो, आणि त्याआधी साधारण आठवडाभर औषध बंद ठेवायला सांगतात.