फॉर्म तर भरला, आता ठेवायचा कुठे? पोस्ट म्हणून की टेबलात?

मंडळाच्या वर्डप्रेस साइटवर दोन फॉर्म आहेत, एक दिवाळी अंकासाठी कथा-कविता पाठवायचा आणि दुसरा कोजागिरीच्या नोंदणीचा. दोन्ही कॉन्टॅक्ट फॉर्म ७ या प्लगइनवर (साइटला जोडायची जादा सोय), आणि ते बिचारं स्वतःहून काहीच सेव्ह करत नाही, नुसता ईमेल पाठवतं, ईमेल स्पॅममधे गेला की कविता गेली आणि कवी बसलाय वाट बघत. तेव्हा सेव्ह तर करायचंच, पण प्रत्येक एंट्रीची पोस्ट (म्हणजे साइटवरच्या लेखासारखी नोंद) बनवायची की डेटाबेसमधल्या वेगळ्या टेबलात टाकायची? माझं दोन्ही करून झालंय, चुकीच्या जागी चुकीचं सुद्धा.

कवितांना पोस्टच बरी. एंट्री 'पेंडिंग' म्हणून येऊन पडते, संपादक मंडळी तिथल्या तिथे ऱ्हस्व-दीर्घ बघतात, कॅटेगरी लावतात आणि पब्लिश दाबलं की झालं, कॉपी-पेस्टची भानगड नाही. शिवाय रिव्हिजन, म्हणजे जुन्या आवृत्त्या मिळतात, त्यामुळे 'माझी ओळ कोणी बदलली' या दरवर्षीच्या भांडणात पुरावा हातात असतो. फक्त त्या टायटल आणि मजकुराच्याच, कस्टम फील्डच्या (आपण जोडलेल्या जादा रकान्यांच्या) आपोआप राहत नाहीत, त्यामुळे कवीचा परिचय कस्टम फील्डमधे असेल आणि कोणी बदलला तर जुना गेला. चुकून डिलीट झालं तरी ट्रॅशमधे ३० दिवस राहतं. ग्रॅव्हिटी फॉर्म्स हे विकतचं फॉर्म प्लगइन घेतलं असेल तर पोस्ट बनवायचं अ‍ॅड-ऑन त्यांच्याकडे आहे, नाहीतर थोडंफार पीएचपी येणारा कोणीतरी गाठा, फार मोठं काम नाही.

नोंदणी मात्र पोस्टमधे टाकू नका. ५०० नोंदण्या, प्रत्येकी १२ फील्ड, म्हणजे कस्टम फील्ड जिथे साठतात त्या पोस्टमेटा टेबलात ६,००० ओळी. त्याने साइट बसणार नाही, पण 'लहान मुलं एकूण किती' एवढी साधी बेरीज काढायला सुद्धा कसरत होते, आणि आचारी तर रोज आकडा विचारतो.

पण खरं दुखणं वेगळंच. एका साइटवर मी नोंदणीचा पोस्ट टाइप (पोस्टचा वेगळा प्रकार) 'पब्लिक' ठेवला आणि स्टेटस थेट 'पब्लिश'. आवृत्ती ५.५ पासून वर्डप्रेस साइटमॅप, म्हणजे गुगलसारख्यांसाठी पानांची यादी, आपणहून बनवतं, त्यात झाडून सगळ्या नोंदण्यांच्या लिंक गेल्या, मग एका काकूंनी स्वतःचं नाव गुगल केलं तर समोर त्यांचाच फोन नंबर. त्यांचा फोन मला आला, पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणून नोंदणीला टेबल. सीएफडीबी७ हे कॉन्टॅक्ट फॉर्म ७ च्या एंट्री सेव्ह करणारं प्लगइन फुकट आहे आणि एक्सेलमधे उघडणारी सीएसव्ही फाइल काढून देतं, पण अख्खा फॉर्म एकाच खणात गुंडाळून ठेवतं, त्यामुळे हिशोब एक्सेलमधेच करायचा. ग्रॅव्हिटी फॉर्म्सची टेबलं स्वतःची असतात, फिल्टर चांगले आहेत, पण पैसे पडतात. फ्लेमिंगो मधलंच काहीतरी आहे, कॉन्टॅक्ट फॉर्म ७ वाल्याचंच प्लगइन, एंट्री पोस्ट टाइपमधेच ठेवतं पण तो बाहेर दिसत नाही. म्हणजे पोस्ट असण्यात वाईट काही नाही, ती उघडी राहिली की घोटाळा.

वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या सिस्टिमचं, म्हणजे ड्रुपलवाल्यांचं वेबफॉर्म सबमिशन आधीपासूनच वेगळ्या टेबलात ठेवतं. प्रोसेसवायर ही तशीच आणखी एक, तिच्या फॉर्मबिल्डरमधे दोन्ही सोयी आहेत, एंट्री म्हणून ठेवा नाहीतर पेज बनवा, मला तेच सगळ्यात आवडलं पण मंडळात प्रोसेसवायर शिकणार कोण.

फोटो घेणार असाल तर एक बघा, पोस्ट पेंडिंग असली तरी मीडिया लायब्ररीत गेलेला फोटो अपलोड्स फोल्डरमधे उघडाच असतो, लिंक माहीत असेल त्याला दिसतो. कवींचे फोटो चालतील, आधार कार्डाचा फोटो मागूच नका. आणि कवितेच्या फॉर्ममधेही फोन नंबर असतोच, तो पोस्टमधे न घालता फ्लेमिंगोतच राहू द्या, पोस्टमधे फक्त कविता, नाव आणि गाव.