‘आधी अँप दाखवा’ म्हणणारे मेस्त्री

मी पखवाज वाजवतो. डाव्या तोंडाला कणीक लावल्यावर जो घुमारा येतो, तो गाडीच्या दारातल्या स्पीकरमधून कधी ऐकूच यायचा नाही. तेवढ्यासाठी डिकीत बारा इंची सबवूफर, म्हणजे खोल आवाजाचा मोठा स्पीकर, बसवून घेतला. प्रत्येकी 4 ओहम रोधाच्या दोन कॉइलवाला; कॉइल म्हणजे स्पीकरचा कोन (पडदा) हलवणारी तारेची गुंडाळी.

पहिल्या दुकानात तो माझ्या जुन्या फोर चॅनल अँपला (अँप्लिफायरला), दोन चॅनल ब्रिज करून, म्हणजे दोघांची ताकद एकत्र करून, जोडून दिला. दहा मिनिटं सुरेख वाजला. मग अँपवर लाल दिवा आणि सगळं गप्प. गार झाला की सुरू, पुन्हा बंद. दुकानदार म्हणाले, अँप गेलाय, नवा घ्या. माझा चांगला चालणारा अँप एका दिवसात कसा जाईल, हे काही मनाला पटेना.

मित्राने सासवड रस्त्यालगतच्या एका छोट्या गाळ्यात पाठवलं. तिथल्या मेस्त्रींनी स्पीकरकडे पाहिलंसुद्धा नाही. “दादा, आधी अँप दाखवा.” अँपच्या अंगावर छापलेलं होतं: ब्रिज केल्यास किमान 4 ओहम. मग त्यांनी सबच्या (सबवूफरच्या) वायरी सोडवून एकेक कॉइल मल्टिमीटरवर घेतली. 3.5 आलं. मी घाबरलो, पण ते म्हणाले, मीटर नुसत्या तारेचा रोध दाखवतो, 4 ओहमची कॉइल त्यावर थोडी कमीच दिसणार.

गोम जोडणीत होती. दोन्ही कॉइल पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, केल्याने सब 2 ओहमचा झाला होता. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला त्याच्या निम्मेच ओहम दिसतात, म्हणजे 1; आणि ओहम जितके कमी, तितका अँपवर ताण जास्त. अँप बिचारा स्वतःला वाचवायला बंद होत होता. आणि 4-4 च्या कॉइल सिरीज, म्हणजे एकीपुढे एक, केल्या तर 8, पॅरलल केल्या तर 2. दोन्ही वापरून 4 काही केल्या येत नाहीत. एकच कॉइल जोडू का, असं मी विचारलं. त्यांनी साफ नाही म्हटलं: सगळा भार एका कॉइलवर येतो, सबला निम्मीच पॉवर झेपते.

त्या दिवशी त्यांनी सिरीज करून दिलं. एका कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला, उरलेली दोन टोकं अँपला. नऊ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवली तर कोन बाहेर आला. मग मुद्दाम एक कॉइल उलटी जोडून दाखवली, कोन जागचा हलला नाही. “दोघी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, हालचाल नाही, नुसती गरम होते.” हे इतकं नीट मला कुणीच सांगितलं नव्हतं.

8 ओहमवर आवाज कमी होता, पण अँप आठवडाभर एकदाही बंद पडला नाही. नंतर त्यांच्याकडेच 2-2 ओहमचा सब बदलून घेतला. सिरीजमध्ये बरोबर 4. फरकाचे पैसे आणि मजुरीचे 400 रुपये, बस्स. आता दिंडीचं रेकॉर्डिंग लावलं की डाव्या हाताची थाप सीटच्या पाठीत लागते.

माणूस एकटाच आहे, अर्धा दिवस जातो. पक्कं बिल मागून घ्यावं लागतं. जाताना अँपवरच्या छापील पट्टीचा फोटो घेऊन जा, पहिला प्रश्न तोच येईल.