मधपेटीचा जाळीदार तळपाट: एका हंगामाचा अनुभव

व्हरोआ या परजीवी कोळ्यावर नजर ठेवण्यासाठी घेतलेला हा जाळीदार तळपाट मी हंगामभर वापरला. माश्या स्वतःचे व एकमेकींचे अंग झाडून, जबड्याने चावून जे कोळी खाली पाडतात, ते जाळीतून निसटून चिकट कागदावर अडकतात आणि पुन्हा वर चढू शकत नाहीत. भिंगाखाली पाहिले, तेव्हा जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीच्या त्या तांबूस ठिपक्यांपैकी काहींचे पाय तुटलेले दिसले, आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले. मात्र झाकणबंद घरांत कोषांवर पोसल्या जाणाऱ्या कोळ्यांपुढे हा तळपाट निरुपयोगी आहे; तेथे बाधित कोष वासाने हेरून, झाकण फोडून बाहेर काढणाऱ्या कामकरी माश्याच हव्यात. कागदाची फळी सरकवताना अडकते, ही तक्रार आहेच.